हाल्कम नापास झालं त्याची हकिगत

हाल्कम, ३ फेब्रुवारी

श्रीमती फेना बूर्समा यांस,

हे पत्र मी हाल्कम ग्रामसंघाचा अध्यक्ष या नात्याने लिहीत आहे, भाऊ या नात्याने नाही. दोघांनाही एकाच पेनाने लिहावं लागतं, याला माझा इलाज नाही.

नगरपालिकेने गेल्या सोमवारी संगणकावर एक पान उघडलं आहे, हे आपल्या कानावर आलंच असेल. 'आपलं गाव, आपले आकडे' असं त्याचं नाव. पासवर्ड नाही, काही नाही, कोणीही उघडावं आणि वाचावं. आपल्या भागातल्या एकूण एक गावाचे निर्देशांक त्यावर टांगले आहेत. रस्त्यावर आवाज किती, सायकली चोरीला किती जातात, शेजारी एकमेकांना ओळख देतात का, गावघर किती वापरात आहे. मग सगळ्याची गोळाबेरीज करून गावाला दहापैकी गुण. आपण राहता त्या स्टिटवोल्डला सात पूर्णांक सहा मिळाले. आम्हाला पाच पूर्णांक चार.

साडेपाचला पास. म्हणजे हाल्कम एका दशांशाने नापास. आमच्या नावापुढे लाल पट्टी आहे. ती पोस्टमनने पाहिली, बेकरीची गाडी चालवणाऱ्या बाईने पाहिली, आणि ज्या अ‍ॅमस्टरडॅमच्या जोडप्याने आपलं चर्च विकत घेऊन त्यात झोपाळा टांगला आहे त्यांनीही पाहिली. ते आता आमच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पेन उचललं नसतं. पण दोन गावांना दोन गावघरं परवडत नाहीत, असं नगरपालिका म्हणते. जूनमध्ये ठरणार की कोणतं ठेवायचं आणि कोणतं बंद करायचं, आणि ठरवणार हेच पान बघून. आमचं दुकान गेलं, चर्च गेलं. शाळेबद्दल मी इथे बोलत नाही. उरलं आहे ते गावघर. बुधवारचं सूप तिथे होतं, बँडची तालीम तिथे होते, कुणाला पुरून आल्यावरची कॉफीही तिथेच होते.

आपण नगरपालिकेच्या आकडेखात्यात नोकरी केली आहे, म्हणून विचारतो. निर्देषांक म्हणजे नक्की काय, आणि एकदा टांगलेला आकडा उतरवून घेता येतो का? शिवाय, गावाची लक्तरं अशी चव्हाट्यावर टांगायची अक्कल कुणाच्या डोक्यातून निघाली ते कळलं तर बरं. त्या माणसाशी मला दोन शब्द बोलायचे आहेत.

हार्म बूर्समा
अध्यक्ष

ता. क. तुझा फोन नंबर माझ्याकडे नाही. म्हणजे आहे, पण लावणार नाही.


हाल्कम, १९ फेब्रुवारी

फेना,

माझं पत्र परत मिळालं. तू त्यात लाल पेन्सिल चालवली आहेस. 'निर्देशांक' शब्दात मी पोटफोड्या 'ष' घातला होता, मान्य. पण ग्रामसंघाच्या अध्यक्षाच्या पत्राला शाळकरी पोराच्या वहीसारखं वागवल्यावर मीही आता ते 'आपण-बिपण' सोडून देतो.

खाली तू एकच ओळ लिहिलीस. "अध्यक्षमहाराज, प्रत्येक आकड्याशेजारी एक छोटं गोल चिन्ह आहे, त्यावर बोट दाबा, सगळं लिहिलेलं आहे." सात वर्षांनी बहिणीकडून आलेली पहिली ओळ. मी ती गावघराची किल्ली सांभाळणाऱ्या आपल्या हिल्येला वाचून दाखवली. हिल्ये म्हणाली, "तिचं अक्षर अजून तसंच आहे."

मी बोट दाबलं. तिथे लिहिलं होतं की शेजारपाजाराचे गुण पाहणीवरून काढले आहेत आणि हाल्कममधून चौदा जणांनी पाहणीला उत्तरं दिली. चौदा. मी ताबडतोब गावाची सभा बोलावली.

सभेत मी विचारलं, "उत्तरं कुणी कुणी दिली? लाजायचं कारण नाही." एकतीस हात वर झाले. मी विचारलं, "गावाला किती गुण दिले?" सगळे म्हणाले, नऊ. म्हणजे चौदा जणांपैकी एकतीस जणांनी नऊ-नऊ गुण देऊन आम्ही पाच पूर्णांक चारवर आलो. तू आकड्यांतली आहेस, हे कसं होतं ते सांग.

च्यार्ड, आपला खाटीक, दुकान बंद केलं तरी मतं अजून किलोने देतो. तो उभा राहून म्हणाला, "आपल्यात कोणीतरी साप आहे." आणि त्याने एप्पोकडे बघितलं. तुला एप्पो आठवत असेल, बीटवाला, माणसांपेक्षा बिटांशी जास्त बोलणारा. एप्पो म्हणाला, "मी काही भरलेलं नाही. शेजारी कसे आहेत असं विचारलं होतं. मला शेजारी कोण तेच माहीत नाही."

हिल्ये म्हणाली, "मी आहे तुझी शेजारीण, एप्पो. माझं लग्न झाल्यापासून."

एप्पोने तिच्याकडे नीट बघितलं. "ती तू होय," तो म्हणाला.

मला वाटतं आमचे गुण तिथेच कुठेतरी गेले.

हार्म

हिल्येने तुझी चौकशी केली. मी सांगितलं, पेन्सिल अजून लाल आहे.


हाल्कम, २२ मार्च

फेना,

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. आम्ही हातावर हात धरून बसलेलो नाही. ग्रामसंघाने ठराव केला आहे की रस्त्यावर दिसेल त्याला ओळख द्यायची. ओळखीचा असो, नसो, पाऊस असो, नसो.

पहिला आठवडा कठीण गेला. लोकांना सवय नाही. च्यार्डने इतक्या जोरात हात केला की पलीकडून सायकलवर येणाऱ्या हिल्येला वाटलं काहीतरी पेटलंय. ती मागे बघायला गेली आणि कालव्याच्या कडेच्या चिखलात बसली. तिथे बसल्या बसल्या तिने त्याला परत हात केला, कारण ठराव झालेला होता. अ‍ॅमस्टरडॅमचं जोडपं घाबरून दोन दिवस बाहेर पडलं नाही. एप्पोने सुरुवातीला ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. आता दोन उचलतो. त्याची आई असती तर म्हणाली असती, लोकांत शोभतं का हे.

मी रोज सकाळी पान उघडून बघतो. आकडा पाच पूर्णांक चारवर बसलेला आहे.

मग तुझं कार्ड आलं. पवनचक्कीचं चित्र कशाला पाठवलंस, मला माझ्या खिडकीतून दोन दिसतात. मागे लिहिलंस, "अध्यक्षमहाराज, पाहणी दोन वर्षांतून एकदा होते. आत्ता हात हलवून आकडा हलणार नाही. हिल्येला लागलं का कुठे? गावघराच्या आकड्यावर बोट दाबून बघा." म्हणजे आमच्या चिखलाची बातमी तुमच्या गावापर्यंत पोचली तर.

बोट दाबलं. 'हाल्कम गावघर, वापर: शून्य.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शून्यच. बुधवारी तिथे सुपाला खुर्च्या पुरत नाहीत, गेल्या शनिवारी बँडच्या ढोलाने खिडकीची काच गेली, आणि वापर शून्य. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: संकेतस्थळावरून केलेली आगाऊ नोंदणी हाच वापर समजला आहे.

आमच्याकडे नोंदणी कोण करतं? हिल्येच्या दाराशी खिळ्याला किल्ली लटकलेली असते. जायचं आणि घ्यायची. तुमच्या गावात मात्र पत्ते खेळायलाही नोंदणी होते, हे मी पानावरच वाचलं. 'मंगळवार, दोन ते चार, डेकिंगाबाई, विणकाम.' तुमच्याकडे लोक शिंकायची वेळही आधी कळवत असतील.

तरी सांगितलंस ते बरं केलंस.

हार्म


हाल्कम, १४ एप्रिल

फेना,

आता ऐक. मी नोंदणीचा ठराव केला. यापुढे गावघरात पाऊल टाकायचं तर आधी संकेतस्थळावर नाव घाला. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी मी संध्याकाळी गावघरात शिकवणी ठेवली. तिची नोंदणी करायची राहिली ही माझी चूक.

लोक शिकले. जरा जास्तच शिकले. एकाच खोलीची एकाच वेळी कितीही वेळा नोंदणी करता येते, हा शोध च्यार्डला लागला. त्याने रोजच्या दुपारी आपल्या नावावर घेतल्या. कारणाच्या जागी लिहिलं, 'विचार करणे.' मी म्हणालो, "च्यार्ड, तू काय विचार करणार रोज दुपारी?" तो म्हणाला, "ते तिथे गेल्यावर ठरवीन." एप्पोने तीन रात्री घेतल्या, 'बटाटे.' हिल्येने आपल्या कुत्र्याचा वाढदिवस घातला, एका महिन्यात दोनदा.

आज सकाळी पान उघडलं तर पट्टी हिरवी. आठवड्यात मुळात जेवढे तास असतात, त्यापेक्षा आमचं गावघर जास्त तास वापरात आहे. स्टिटवोल्डला मागे टाकलं. गावात पेढे वाटावे तसा आनंद झाला, म्हणजे आमच्या पद्धतीचा. च्यार्ड कॉफीबरोबर एकच बिस्कीट घेतो, आज त्याने दुसरं मागितलं आणि हिल्येने दिलं.

दुपारी वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढून गेला. त्याने विचारलं, "हाल्कममध्ये दिवस किती तासांचा असतो?" मी म्हणालो, "कामसू माणसाला पुरेल एवढा." उद्या छापून येईल. तू बघच.

हार्म


हाल्कम, २ मे

फेना,

बातमी तू बघितलीस. चार पानी पत्र आलं तुझं, तेही पेन्सिलीने नाही, शाईने. त्यात मला 'दादा' म्हटलं आहेस, पण कान उपटण्यापूर्वी म्हणावं तसं.

"दादा," तू लिहितेस, "खोटा आकडा हा लपवलेल्या आकड्यापेक्षा वाईट. पान उघडं आहे म्हणून उद्या सगळे त्याच्यावर हसतील, आणि नगरपालिका म्हणेल, बघा, गावांच्या हाती आकडे दिले की असं होतं, बंद करा ते पान. तुम्ही तुमच्या गावघरासाठी सगळ्यांची खिडकी फोडताय."

फेना, मला कुणीही शिकवावं. पण लपवलेल्या आकड्यांबद्दल तू शिकवू नयेस.

सात वर्षांपूर्वी आपली शाळा बंद करायचं घाटत होतं. पुढच्या वर्षांत पोरं किती होतील याची मोजदाद तुझ्या टेबलावर झाली होती. फाईल बंद होती, नगरपालिकेबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तू मात्र दर रविवारी माझ्याकडे कॉफीला येत होतीस आणि ट्युलिपबद्दल बोलत होतीस. त्या वसंतात मी शाळेचं कुंपण रंगवत होतो. आधी अस्तर, मग हिरव्या रंगाचे दोन हात. तू एकदा फाटकाशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "रंग छान आहे." मे महिन्यात शाळा बंद झाल्याचं मला वर्तमानपत्रातून कळलं. कुंपण अजून छान आहे. त्याच्या आत आता कुणीतरी आपली सहलीची कॅरव्हॅन गाडी ठेवतो.

तुझ्यावर गुप्ततेचं बंधन होतं, हे मला कळतं. मीही आयुष्यभर कालव्यावरचा पूल नियमाने उघडला आणि नियमाने बंद केला, पलीकडे कोण खोळंबलंय ते बघितलं नाही. म्हणून मी तुला दोष देत नाही. फक्त बोलत नाही.

तेवीस तारखेला नगरपालिकेत खुली बैठक आहे. मी तिथे बोलणार आहे. पानाबद्दलही बोलणार आहे. तुला यायचं तर ये, सभागृह सगळ्यांना खुलं आहे.

हार्म बूर्समा


हाल्कम, २४ मे

फेना,

काल रात्री घरी आलो आणि कोट न काढताच बसलो. तू तिथे होतीस, काय झालं ते तू ऐकलंस. तरी मला माझ्या बाजूने लिहू दे.

मी भाषण तयार करून आणलं होतं. पहिला भाग गावघराचा, तो ठीक गेला. दुसरा भाग पानाचा. मी म्हणालो, "हे आकडे ज्याने कुणी असे उघड्यावर मांडले, त्याच्या गावातून कधी काही गेलेलं नसणार. ज्याचं काही गेलं आहे तो माणूस असं करत नाही." हाल्कमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. च्यार्डने तर बाकावर मूठ आपटली.

तेन होव्हबाई, नगरपालिकेच्या कारभारीणबाई, त्या तशा शांत आहेत. त्यांनी टाळ्या संपू दिल्या. मग म्हणाल्या, "बूर्समा, हे पान आम्ही आपण होऊन उघडलेलं नाही. खरं सांगायचं तर आम्हाला उघडायचंच नव्हतं. एक बाई सहा वर्षं दर महिन्याला अर्ज करत होत्या. गावाबद्दलचा आकडा आधी गावाला दिसला पाहिजे आणि मग आमच्या टेबलावर आला पाहिजे, एवढीच मागणी. आम्ही नाही म्हणालो की पुढच्या महिन्यात नवा अर्ज. शेवटी अर्ज वाचत बसण्यापेक्षा पान उघडणं आम्हाला स्वस्त पडलं."

मी विचारलं, "कोण बाई?"

"आडनाव तुमचंच आहे," त्या म्हणाल्या.

सगळं सभागृह हसलं. स्टिटवोल्डचे लोक हसले, आमचेही हसले. मी तुझ्याकडे बघितलं. तिसऱ्या रांगेत बसून तू पर्समध्ये काहीतरी शोधत होतीस. बाईमाणसाच्या पर्समध्ये काय असतं ते मला माहीत नाही, पण इतका वेळ शोधण्यासारखं काही नसावं.

भाषणाचं एक पान उरलं होतं. ते मी घडी करून खिशात घातलं आणि म्हणालो, "हाल्कमच्या खोट्या नोंदण्या आम्ही आज काढून टाकतो. च्यार्ड घरी विचार करील." तेवढं मला सुचलं.

मग तू उठलीस. "नोंदण्या मोजूच नका," तू म्हणालीस, "दोन्ही दारांशी माणूस बसवा आणि आत जाणारी डोकी मोजा. हाल्कमच्या दाराशी स्टिटवोल्डचा माणूस, स्टिटवोल्डच्या दाराशी हाल्कमचा. दोन आठवडे. आणि येईल तो आकडा पानावर." तेन होव्हबाईंनी विचारलं, तयार कोण आहे? कोणीच हलेना. शेवटी आपण दोघंच उभे होतो, कारण दोघांपैकी कोणीच खाली बसलेलं नव्हतं.

फाटकाशी "रंग छान आहे" म्हणालीस तेव्हा तुझा चेहरा कसा होता, ते मी काल रात्री आठवून बघत होतो. आठवला नाही. मी ब्रशकडे बघत होतो.

सोमवारी येशील तेव्हा उशी आण. आमच्या दारातली खुर्ची लाकडी आहे.

हार्म


हाल्कम, १४ जून

फेना,

दोन आठवडे तू माझ्या गावात आणि मी तुझ्या गावात, असे आपण कालव्याच्या पुलावर सकाळ-संध्याकाळ एकमेकांसमोरून जात होतो. तू सायकलवरून मान हलवायचीस. ओळख देण्याचा ठराव स्टिटवोल्डला लागू नाही, म्हणून मी ते जमेस धरलं.

आमच्याकडच्या बातम्या मला हिल्ये देत होती. पहिल्या दिवशी तिने तुला कॉफी आणि एक बिस्कीट दिलं. तिसऱ्या दिवशी डबाच पुढे ठेवून गेली. च्यार्ड पुढच्या दाराने आत जाऊन मागच्या खिडकीतून बाहेर पडायचा आणि पुन्हा पुढच्या दाराशी यायचा. तिसऱ्या फेरीला टोपी बदलून आला. तू म्हणे वर न बघता म्हणालीस, "च्यार्ड, तू मघाशीच मोजला गेलास. आणि खिडकी लावून घे, वारा येतोय." गावात आता तुला मानतात. च्यार्ड सगळ्यात जास्त.

आता माझ्याकडचं. तुमचं गावघर देखणं आहे. कॉफीचं यंत्र माणसाशी बोलतं. दारावर आठवड्याचा तक्ता लावलेला असतो, एकही घर रिकामं नाही. मी तक्त्याखाली बसलो आणि वाट बघितली. सोमवारी बुद्धिबळ मंडळ होतं. एक गृहस्थ आले, पट मांडला, दोन्ही बाजूंनी खेळले, हरले आणि गेले. चित्रकलेला दोघी आल्या, त्यातली एक चाव्या विसरली होती म्हणून. एका संध्याकाळी यंत्र आपणहून म्हणालं, "कॉफी घेणार का?" दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी घेतली.

फक्त गुरुवारी गर्दी होती, तुझ्या गायकवृंदाची. मी दाराबाहेर होतो, दार लोटलेलं होतं. तुम्ही सुरुवात केल्यावर माझी मोजणी चुकली, आणि मध्यंतरात सगळ्यांना पुन्हा मोजावं लागलं.

दोन्ही आकडे सोमवारी सकाळी पानावर चढणार आहेत. आमचा तुला माहीत आहे. तुमचा मला माहीत आहे. तो वाईट आहे, फेना. आमच्या चौथाईही नाही. तुमचं गावघर बंद होणार.

मी कारभारीणबाईंना फोन करून विचारलं की सोमवारच्या आधी हे कुणाला सांगायला मनाई आहे का. त्या म्हणाल्या, "नियमात तसं काही नाही. सांगू का, असं कधी कुणी विचारलंच नव्हतं." म्हणून तुला आज लिहितो, आणि शनिवारी सकाळी मी तुमच्या गावघरात येऊन सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवणार आहे. रीतसर नोंदणी केली आहे. हिल्ये म्हणते, जाड कोट घालून जा, कोणी काही फेकलं तर लागणार नाही. च्यार्ड येतो म्हणत होता, मी नको म्हणालो. तो दिसला की लोकांना फेकावंसं वाटतं.

तू आलीस तर पुढे बस.

हार्म


हाल्कम, ३० ऑगस्ट

फेना,

काल तुझ्याशी एवढं बोलून झाल्यावर आज पुन्हा पत्र कशाला, असं तू म्हणशील. एक तर तोंडी बोलताना तू मला अर्ध्या वाक्यात सुधारतेस, कागदावर मी निदान पूर्णविरामापर्यंत पोचतो. आणि दुसरं कारण पुढे येईल.

जूनमधल्या शनिवारच्या त्या सभेतली एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. मी आकडा वाचला, कोणी काही फेकलं नाही, सगळे शांत घरी गेले, हे तू बघितलंस. पण बाहेर सायकलचं कुलूप काढताना डेकिंगाबाई माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, आता छत्री बसणार. त्या म्हणाल्या, "बरं झालं वाचलंत. मंगळवारच्या विणकामाला गेली तीन वर्षं कोणी येत नाही. तक्त्यात घर रिकामं दिसू नये म्हणून मी नाव घालत होते."

मी विचारलं, "मग तुम्ही मंगळवारी काय करता?"

"घरी विणते," त्या म्हणाल्या. "एकटी."

आता त्या बुधवारी आमच्याकडे सुपाला येतात. त्यांनी च्यार्डसाठी टोपी विणायला घेतली आहे. त्याच्याकडे टोप्या किती आहेत ते मी त्यांना सांगितलं नाही.

तुमच्या काही लोकांनी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं, हे तू मला सांगितलं नाहीस, मला हिल्येकडून कळलं. स्वतःच्या गावाचं गावघर स्वतः मोजमाप सुचवून घालवलं, असं म्हणत होते. म्हणून गायकवृंद आमच्याकडे आणायचा ठरल्यावर तुमच्या गावघरातला पियानोही यायलाच हवा असा हट्ट मी धरला. आमचे लोक म्हणाले, आपला आहे की. मी म्हणालो, आपल्या पियानोला सात पट्ट्या कमी आहेत आणि उरलेल्यांवर बँडचा ढोल ठेवलेला असतो.

आणि आता दुसरं कारण. काल पियानो आणताना तू पाठमोरी होतीस. तुला काही दिसलं नाही, म्हणून लिहितो.

एप्पोने बिटाची गाडी झाडून घेतली होती, तरी माती होतीच. पियानो चढवला, दोऱ्या बांधल्या, आणि तो घसरेल म्हणून तू वर चढून स्टुलावर बसलीस. मागे तुमचे लोक सायकलींवर, पुढे आमचे. पुलाशी पोचलो आणि घंटा वाजून पूल वर गेला. हल्ली पूल दूर शहरातून कॅमेऱ्यात बघून उघडतात, तिथल्या माणसाला पियानो काय कळणार. एक शिडाची होडी येत होती, सावकाश. एप्पोने ट्रॅक्टर बंद केला. सगळे उभे. हाल्कमचे एका बाजूला, स्टिटवोल्डचे एका बाजूला, आणि कोणी कुणाशी बोलेना.

तेव्हा तू झाकण उघडलंस.

काय वाजवलंस ते मला माहीत नाही, मी ढोलवाल्यांच्या गावचा. पण तुझ्यामागे काय झालं ते मी बघितलं. डेकिंगाबाई सायकलवरून उतरल्या. तुझ्याशी न बोलणारे तुमचे दोघे जण कठड्याला टेकून उभे होते, त्यांच्यातल्या उंच माणसाने खिशातून सिगारेट काढली आणि पेटवायची विसरला. होडीवरच्या बाईने नवऱ्याचा हात धरला आणि त्याने शीड सोडून दिलं, ते फडफडत राहिलं, होडी तशीच पुलाखाली आडवी वळून रेंगाळली. एप्पोने टोपी काढली. त्याला टक्कल पडलं आहे, हे गावाला कालच कळलं. हिल्ये माझ्या शेजारी होती, तिच्याबद्दल लिहीत नाही, तिने बजावलं आहे.

मग होडी निघून गेली. पूल खाली आला, अडसर उचलला गेला, दिवा हिरवा झाला. आमच्यामागे तोवर गाड्यांची रांग लागली होती, एक दुधाचा टँकरही होता. कोणी भोंगा वाजवला नाही. एप्पोने ट्रॅक्टर सुरू केला नाही. तुझं वाजवून होईपर्यंत सगळे तिथेच उभे राहिले.

मी आयुष्यभर हा पूल चालवला, फेना. वर गेलेल्या पुलापाशी खोळंबलेली माणसं मी रोज बघितली. खाली आलेल्या पुलापाशी आपखुशीने थांबलेली माणसं मी काल पहिल्यांदा बघितली.

दादा